अकरावा पास

परवा ऑफिसात एक गंमत झाली. म्हणजे मला ती गंमत वाटली, बाकी कोणाला वाटली नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये चारचाकीच्या पार्किंगची बोंब आहे. आमच्या मजल्यावर माणसं १४० आणि पार्किंगचे पास १०. डेव्हलपमेंटचे ६०, टेस्टिंगचे ६०, सपोर्टचे २०. कोणाला किती पास, यावरून दर तीन महिन्यांनी मेलामेली ठरलेली. शेवटी अ‍ॅडमिनवाल्यांनी मला गाठलं. "तू इंजिनीअर आहेस ना, मग एखादा फॉर्म्युला लावून दे की. वादच नको." (आमच्या मजल्यावर डोळे मिटून दगड मारला तरी तो इंजिनीअरलाच लागेल. पण असो.)

फॉर्म्युला काय, पोरखेळ होता. १० पास १४० माणसांत वाटायचे, तर ६० जणांच्या टीमच्या वाट्याला येतात ४.२९, दुसऱ्या साठांना तेवढेच, आणि सपोर्टला १.४३. आता पास काही फाडून देता येत नाही. म्हणून आधी पूर्णांक देऊन टाकले: ४, ४, १. झाले नऊ. उरला एक. तो ज्याचा अपूर्णांक सगळ्यात मोठा त्याला, म्हणजे सपोर्टला. ४-४-२. सगळे खूश. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि विसरून गेलो.

महिन्याभराने बिल्डिंगवाल्यांनी मेहरबानी करून अकरावा पास दिला. मी १० च्या जागी ११ टाकलं, स्क्रिप्ट चालवली आणि उत्तर न बघता मेल ठोकून दिली. पाच मिनिटांत सपोर्टच्या मॅडम माझ्या डेस्कपाशी.

"अरे, एकूण पास वाढला ना?"

"हो मॅडम."

"मग आमचा एक कमी कसा झाला?"

मी बघितलं तर खरंच ५-५-१! मला वाटलं बग आहे. तासभर डोकं खाजवलं. बग नव्हता. ११ पास धरले की वाटे होतात ४.७१, ४.७१ आणि १.५७. पूर्णांक पुन्हा ४, ४, १. उरले दोन. मोठे अपूर्णांक आता त्या दोन मोठ्या टीमचे, म्हणून दोन्ही पास तिकडे गेले. प्रत्येक ओळ बरोबर, आणि निकाल असा की कोणत्याही शहाण्या माणसाला दाखवायची सोय नाही.

त्या रात्री शोधाशोध केली तेव्हा कळलं की या प्रकाराला चक्क नाव आहे. अलाबामा पॅरॉडॉक्स. आणि माझ्या दहा ओळींच्या स्क्रिप्टपायी अमेरिकेच्या संसदेने शंभर-सव्वाशे वर्षं एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. गेले तीन शनिवार-रविवार याच्यात गेले, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

*

आपल्याकडे जागावाटप म्हटलं की आघाडी आणि युतीतली भांडणं आठवतात. हे जागावाटप ते नव्हे. हे त्याच्या आधीचं. संसदेत एकूण इतक्या जागा, राज्यं इतकी, तर कोणत्या राज्याला किती जागा? उत्तर सोपं वाटतं, लोकसंख्येच्या प्रमाणात. पण खासदारही पार्किंगच्या पाससारखाच, फाडता येत नाही. अपूर्णांकाचं काय करायचं, या प्रश्नावर सगळी लढाई.

पहिली चकमक १७९२ सालची. अमेरिकेची राज्यघटना नवीकोरी, १७९० ची पहिली जनगणना नुकतीच झालेली. जागा वाटायला धरलेली लोकसंख्या ३६,१५,९२०. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन. त्याची पद्धत म्हणजे तंतोतंत माझी स्क्रिप्ट: १२० जागा, प्रत्येकाचा भागाकार काढा, पूर्णांक द्या, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकवाल्यांना द्या. संसदेने तसा कायदा मंजूरही केला.

परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन. त्याला हे मान्य नव्हतं. त्याची पद्धत वेगळी. अमुक लोकसंख्येमागे एक जागा असा एकच भाजक ठरवा, सगळ्यांना त्याने भागा आणि दशांशचिन्हापुढचं सरळ फेकून द्या. ऐकायला एकदम स्वच्छ. पण यात एक मेख आहे. १.६८ मधले ०.६८ फेकले तर छोट्या राज्याचा जवळजवळ अर्धा वाटा जातो. १९.६८ मधले तेवढेच फेकले तर मोठ्याला कळतही नाही. म्हणजे ही पद्धत नेहमी मोठ्या राज्यांकडे झुकते. तेव्हाचं सगळ्यात मोठं राज्य व्हर्जिनिया. जेफरसन व्हर्जिनियाचा. आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन कुठले? तेही व्हर्जिनियाचे!

५ एप्रिल १७९२ ला वॉशिंग्टननी हॅमिल्टनच्या विधेयकावर व्हेटो वापरला. अमेरिकेच्या इतिहासातला पहिला व्हेटो, आणि तो राऊंडिंगवर! कारण अगदीच पोकळ नव्हतं. घटनेत म्हटलं होतं की तीस हजारांमागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी नको, आणि हॅमिल्टनच्या वाटपात आठ राज्यांना तो दर मोडून जागा मिळत होती. मग जेफरसनची पद्धत आली. भाजक ३३,०००, एकूण जागा १०५. व्हर्जिनियाचा खरा हिशोबाने वाटा १८.३१, मिळाल्या १९. डेलावेअरचा वाटा १.६१, मिळाली १.

पण या आकड्यांत राऊंडिंगहून फार मोठी गोष्ट दडलेली आहे. व्हर्जिनियाची ती लोकसंख्या ६,३०,५६० धरली होती. त्यातले सुमारे पावणेदोन लाख आले कुठून? गुलामांतून. घटनेत तडजोड झाली होती की जागा मोजताना प्रत्येक गुलाम तीन पंचमांश माणूस धरायचा. व्हर्जिनियात २,९२,६२७ गुलाम होते. त्यांचे तीन पंचमांश भागिले ३३,०००, म्हणजे पाचाहून जास्त जागा. ज्यांना मत नाही, ज्यांची बाजारात विक्री होते, त्यांच्या डोक्यांवर मालकांना पाच खासदार जास्तीचे. आपण ०.६८ चं काय करायचं यावर वाद घालत बसतो, पण कोणाला किती मोजायचं ही गोष्ट त्याच्याही आधी ठरवून टाकलेली असते. तिथे दशांशचिन्हाच्या कितीही पुढे गेलात तरी उपयोग नाही.

(सिनेटबद्दल एकच वाक्य. तिथे तर प्रत्येक राज्याला दोन जागा, लोकसंख्या काहीही असो. १७९० ला व्हर्जिनिया डेलावेअरच्या साडेबारापट होतं. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया वायोमिंगच्या अडुसष्टपट आहे. ती विषमता उघड करार करून घेतलेली आहे, म्हणून इथे तिला बाजूला ठेवतो.)

*

जेफरसनची पद्धत पन्नास वर्षं चालली. १८३२ साली तिचा कळस झाला. न्यूयॉर्कचा वाटा ३८.५९ आणि मिळाल्या ४० जागा. राऊंडिंग वर केलं तरी ३९ व्हायला हव्या होत्या, चाळिसावी कुठून आली? डॅनिएल वेबस्टर नावाच्या सिनेटरने सुचवलं की अपूर्णांक सरसकट फेकण्यापेक्षा शाळेत शिकवतात तसं करा. अर्ध्याच्या वर असेल तर वरचा पूर्णांक, खाली असेल तर खालचा, आणि बेरीज जमेपर्यंत भाजक थोडा वरखाली हलवा. १८३२ ला कोणी ऐकलं नाही. १८४२ ला मात्र हीच पद्धत आली. मग १८५० च्या सुमारास हॅमिल्टनची पद्धत परत आली, या वेळी व्हिंटन नावाच्या खासदाराच्या नावाने. (आपल्याकडे कोड कॉपी करून वर स्वतःचं नाव टाकतात, तसंच.)

कायद्यात एक पद्धत आणि प्रत्यक्षात दुसरंच, असाही प्रकार झाला. १८७२ ला २८३ जागा हिशोबाने वाटल्या आणि मग राजकारण करून आणखी नऊ चिकटवल्या. २९२ जागा सरळ हॅमिल्टनच्या हिशोबाने वाटल्या असत्या, तर न्यूयॉर्क आणि इलिनॉय यांना एकेक जास्त आणि फ्लोरिडा आणि न्यू हॅम्पशायरला एकेक कमी मिळाली असती. चार जागांची अदलाबदल, त्याने काय होतंय? तर राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं या जागांवरूनच ठरतात. १८७६ ची निवडणूक रदरफर्ड हेस १८५ विरुद्ध १८४ अशी एका मताने जिंकले. हॅमिल्टनच्या हिशोबाने १८५ सॅम्युअल टिल्डन यांची झाली असती. आणि हेस यांच्या कारकिर्दीत, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या नव्याने मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या पाठीशी उरलेलं केंद्राचं सैन्यही मागे घेतलं गेलं. तिथून पुढे त्यांचा मताधिकार जवळजवळ नव्वद वर्षं कागदावर राहिला. याला एकटं राऊंडिंग जबाबदार होतं असं मी म्हणत नाही. त्या निवडणुकीत बाकी घोळही ढिगाने होते. पण एका मताच्या निवडणुकीत प्रत्येक गोष्ट निर्णायक असते.

आता माझी सपोर्ट टीम. १८८० ची जनगणना झाल्यावर जनगणना कार्यालयातला मुख्य कारकून सी. डब्ल्यू. सीटन वेगवेगळ्या आकाराच्या संसदेसाठी तक्ते करत बसला होता. २७५ पासून ३५० जागांपर्यंत, एकेक वाढवत. सगळं हाताने, कॅलक्युलेटर नाही, एक्सेल नाही. २९९ जागा धरल्या तर अलाबामाला ८. ३०० धरल्या तर अलाबामाला ७! अकरावा पास!

मला हा माणूस फार आवडला. तक्ता करून पाठवून देता आला असता की. त्याने बघितलं, चमकला, आणि वर कळवलं. मी मेल पाठवण्याआधी एवढं केलं असतं तर मॅडमना डेस्कपर्यंत यावं लागलं नसतं.

संसदेने त्या वेळी ३२५ हा आकडा घेतला, जिथे वाद येत नव्हता, आणि विषय ढकलला. पण १९०१ मध्ये तो पुन्हा दारात. मेन हे छोटं राज्य. ३८३ ते ३८५ जागांना त्याला चार, ३८६ ला तीन, ३८७-३८८ ला पुन्हा चार, ३८९-३९० ला परत तीन. ट्यूबलाईटसारखी लुकलुकणारी जागा. कोलोरॅडोची गंमत त्याहून भारी. ३५० ते ४०० मधल्या प्रत्येक आकड्याला तीन जागा, फक्त ३५७ ला दोन. आणि समितीच्या अध्यक्षांनी कोणता आकडा सुचवला असेल? ३५७!

म्हणजे आता खेळ उलटा झाला. आधी पद्धत ठरवून निकाल बघायचा, त्याऐवजी सगळे तक्ते समोर ठेवून आपल्याला हवा तो निकाल देणारा आकडा निवडायचा. संसदेत अर्थातच गदारोळ झाला. मेनच्या एका खासदाराने तर गणितालाच बोल लावले. शेवटी वेबस्टरच्या पद्धतीने ३८६ जागा वाटल्या, मेनला चार, कोलोरॅडोला तीन. भाजक हलवणाऱ्या पद्धतींमध्ये अलाबामा पॅरॉडॉक्स होऊच शकत नाही. भाजक लहान झाला की प्रत्येकाचा भागाकार वाढतो, कोणाचाच कमी होत नाही. हे कळायला शंभर वर्षं लागली. (मला तीन शनिवार-रविवार. प्रगती आहे.)

पुढची मारामारी १९४१ ची. हार्वर्डचे गणितज्ञ एडवर्ड हंटिंग्टन आणि जनगणना खात्यातले जोसेफ हिल यांची पद्धत विरुद्ध वेबस्टरची. फरक एवढाच की वर-खाली करण्याची रेघ बरोबर अर्ध्यावर न ठेवता किंचित अलीकडे ठेवायची. १ आणि २ च्या मध्ये ती १.५ ला नाही, तर १.४१ ला. ४ आणि ५ च्या मध्ये ४.४७ ला. म्हणजे छोट्यांना जरासं झुकतं माप. १९४० च्या जनगणनेवर दोन्ही पद्धतींत फरक पडत होता तो एकाच जागेचा: ती मिशिगनला जाणार की आर्कान्सॉला. आर्कान्सॉ तेव्हा डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, आणि संसदेत बहुमत डेमोक्रॅट्सचं. कोणती पद्धत जास्त शास्त्रीय ठरली असेल ते सांगायला गणितज्ञ नको. नोव्हेंबर १९४१ मध्ये रूझवेल्टनी सही केली आणि तीच हंटिंग्टन-हिल पद्धत आजही चालू आहे.

मग खरी, निर्दोष पद्धत कोणती? मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या दोघांनी याचा निकाल लावला, त्यांचं पुस्तक १९८२ चं. निकाल असा की निर्दोष पद्धत नाहीच. तुमचा वाटा ३८.५९ असेल तर ३८ किंवा ३९ च मिळाव्यात, ही अट नेहमी पाळणारी, आणि शिवाय जास्त वेगाने वाढणाऱ्या राज्याची जागा कमी वेगाने वाढणाऱ्याला देण्याचा वेडेपणा कधीच न करणारी, अशी पद्धत असूच शकत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. अजून सापडली नाही असं नव्हे, अस्तित्वातच नाही.

इथे मी जरा थांबलो. कारण आम्हा लोकांना सवय असते की प्रत्येक प्रॉब्लेमला कुठेतरी बरोबर उत्तर आहे, शोधलं की मिळतं. इथे तसं नाही. मग उरतं काय? उरतं एवढंच की कोणता दोष पत्करायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि ते तक्ते बघण्याआधी ठरवायचं.

*

पण राऊंडिंगने फार तर एखाद-दुसरी जागा हलते. खरा मोठा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि तो करायला गणित अजिबात लागत नाही. काहीच करायचं नाही, हाच तो घोटाळा.

१९२० च्या जनगणनेत पहिल्यांदा दिसलं की अमेरिकेत खेड्यांपेक्षा शहरांत जास्त लोक राहतात. डेट्रॉईटची लोकसंख्या दहा वर्षांत साडेचार लाखांवरून जवळजवळ दहा लाख झाली होती. म्हणजे जागा शहरांकडे जाणार. मग संसदेने काय केलं? जागावाटपच केलं नाही. पद्धत कोणती यावर वाद, संसदेचा आकार किती यावर वाद, आणि वादाच्या आड अख्खं दशक गेलं. १९३० पर्यंतच्या निवडणुका १९१० च्या आकड्यांवर झाल्या. शेवटी १९२९ मध्ये कायदा केला की जनगणना झाली की वाटप आपोआप होईल.

राज्यांच्या विधानसभांत तर याहून वाईट. टेनेसीने १९०१ नंतर मतदारसंघच बदलले नाहीत. मेम्फिस शहर वाढत गेलं, आमदार तेवढेच. तिथल्या शेल्बी काउंटीतले चार्ल्स बेकर कोर्टात गेले. त्यांच्या मतदारसंघात काही ग्रामीण मतदारसंघांच्या सुमारे दहापट लोक होते. आमदारांनी स्वतः हे बदलावं अशी अपेक्षा करणं म्हणजे चोराला कुलूप दुरुस्त करायला सांगणं. १९४६ मध्ये अशाच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे राजकारण आहे म्हणून हात झटकले होते. १९६२ च्या बेकर खटल्यात मात्र कोर्टाने दार उघडलं. आणि १९६४ मध्ये रेनॉल्ड्स खटल्यात सांगून टाकलं की विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनेच जागा द्यायच्या. आमदार माणसांचे असतात, झाडांचे आणि एकरांचे नव्हे. तो दुसरा खटला कोणत्या राज्याचा? अलाबामाचा! तिथेही १९०१ नंतर काही बदललं नव्हतं. सिनेटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या मतदारसंघात ४१ पटीचा फरक पडला होता.

१८८१ मध्ये ज्या राज्याच्या एका जागेसाठी देशभर गणित गाजलं, त्याच राज्याच्या आत साठ वर्षं माणसाचं मत ४१ व्या हिश्श्यावर आलं, त्याला मात्र पॅरॉडॉक्स वगैरे कोणी म्हटलं नाही.

*

हे सगळं वाचताना मला आठवलं आमचं डोंबिवली.

माझं लहानपण डोंबिवलीत गेलं. २००८ पर्यंत डोंबिवली ठाणे लोकसभा मतदारसंघात होती. ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, नवी मुंबई, सगळ्यांना मिळून एक खासदार. बाबा लोकलला लोंबकळून आले की म्हणायचे, "एक माणूस कुठे कुठे पुरणार?" मला वाटायचं ते कामाच्या उरकाबद्दल बोलतायत. आता कळतंय की ते गणित सांगत होते. कारण त्या सीमा आखल्या होत्या १९७१ च्या जनगणनेवर, तेव्हा नवी मुंबई जवळजवळ कागदावरच होती.

आपल्या घटनेत दर जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना करायची तरतूद आहे. १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने ती २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवली. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांमधल्या जागा आणखी पुढे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. राज्याच्या आतल्या सीमा मात्र २००१ च्या जनगणनेवर नव्याने आखल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने. त्या २००८ पासून लागू झाल्या.

तेव्हा विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण वाटे बघा. ठाणे जिल्ह्याच्या (तेव्हा पालघर त्यातच होता) जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७ वरून १०. एका फटक्यात! तेरावरून चोवीस याचा अर्थ, आदल्या दिवसापर्यंत ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला त्याच्या हक्काच्या जेमतेम अर्धा आमदार मिळत होता. आणि हे कोणाच्या कारस्थानाने झालं नाही. फक्त जुना डेटा बदलला नाही, म्हणून झालं.

बरं, ती जुनी गोष्ट झाली म्हणाल. मी सध्या वाकडला राहतो. माझ्यासारखे आयटीतले हजारो लोक तिथे आहेत. वाकड चिंचवड विधानसभेत येतं. २०२४ च्या निवडणुकीत चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते, आणि मुंबईतल्या वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. दोघांनाही आमदार एकच. म्हणजे वडाळ्यातल्या माझ्या मित्राच्या एका मतात माझी तीन मतं बसतात. मतदान केलं म्हणून शाई लावलेल्या बोटाचा फोटो आम्ही दोघांनीही टाकला होता. खरं तर मी बोटाचा एक तृतीयांश भागच टाकायला हवा होता :)

राज्याच्या आतलं हे गणित निदान वादाचं नाही. सीमा नव्याने आखल्या की सुटतं. राज्याराज्यांमधलं तसं नाही, आणि तिथे मी एका बाजूने बोलणार नाही. १९७१ ला केरळात सुमारे १०.७ लाखांमागे एक खासदार होता, राजस्थानात १०.३ लाखांमागे. जवळजवळ सारखं. २०११ च्या जनगणनेवर त्याच जागा मांडल्या तर केरळात १६.७ लाख आणि राजस्थानात २७.४ लाख. एक केरळी मत म्हणजे दीडाहून जास्त राजस्थानी मतं. मत सगळ्यांचं सारखं, हे तत्त्व मानलं तर हे उघड चूक आहे.

पण केरळ आणि तामिळनाडू काय म्हणतात? तुम्हीच सांगितलंत ना कुटुंब लहान ठेवा? आम्ही ठेवलं. आता त्याची शिक्षा म्हणून जागा काढणार? १९७६ ला गोठवण्यामागचं कारण हेच होतं, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं नुकसान नको. आणि ही भीती हवेतली नाही. १९६७ च्या निवडणुकीला आजच्या तामिळनाडूच्या लोकसभेच्या जागा ४१ वरून ३९ झाल्या होत्या. २०११ चे आकडे घेऊन ५४३ जागा नव्याने वाटल्या तर माझ्या हिशोबाने तामिळनाडूचा वाटा ३२ च्या आसपास येतो, केरळचा १५, उत्तर प्रदेशचा ९० च्या आसपास. महाराष्ट्राचा ५०, आज ४८ आहेत. म्हणजे आपण मधोमध. आपलं फारसं जात नाही आणि फारसं येतही नाही. मध्यस्थी करायला खरं तर याहून चांगली जागा नाही.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि बालिन्स्की-यंग यांच्यासारखा कोणी येऊन यावर सूत्र देणार नाही. तरी अमेरिकेच्या या सव्वाशे वर्षांतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, गोठवून ठेवणं हा निर्णय न घेणं नव्हे, तोही निर्णयच असतो, आणि त्यात रोज कोणाचं तरी मत थोडं थोडं झिजतं. शिवाय जितकं लांबवाल तितकी पुढची उडी मोठी आणि तितकी भांडणं मोठी. १३ वरून १६, २०, २४ असं गेलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. दोन, नियम तक्त्याच्या आधी. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. कोणत्या राज्याला किती जागा मिळाव्यात, एकूण जागा वाढवाव्यात का, लोकसंख्या कमी ठेवल्याचं काही श्रेय द्यायचं का, ही सगळी चर्चा आकडे हातात येण्याआधी झाली तर ती तत्त्वाची चर्चा असते. आकडे आल्यावर जो तो आपला ३५७ शोधणार.

*

असो. फारच पाल्हाळ झाला. पार्किंगचं काय झालं ते सांगून थांबतो.

मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "हा नियम ठरवताना तू आम्हाला विचारलं होतंस का?" विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं की त्यात विचारण्यासारखं काय आहे, भागाकार तर आहे.

मग तिन्ही टीमच्या लीडना एका खोलीत बसवलं. आकडे बाजूला ठेवले आणि आधी फक्त एवढंच ठरवलं की एकूण पास वाढला तर कोणाचाही कमी होता कामा नये. त्याला तिघेही हो म्हणाले. मग हंटिंग्टन-हिल लावलं. सपोर्टचे दोन शाबूत राहिले, डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगला प्रत्येकी चार. अकराव्या पासवर दोन्ही मोठ्या टीमचा हक्क अगदी सारखा निघाला, दशांशचिन्हापुढे कितीही जा. तेव्हा कॅन्टीनच्या दादांकडून दोन चिठ्ठ्या उचलून घेतल्या.

पास टेस्टिंगला गेला. आमचे लीड अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मला फरक पडत नाही, मी बसने येतो.